‘येतो’ म्हणून गेलेले

लहानपणी घराबाहेर पडताना आमच्यापैकी कुणाच्या तोंडून ‘जातो’ असा शब्द निघाला, की माजघरातून आजीचा आवाज येई, “जातो नव्हे रे, येतो म्हणावे!” शाळेत जायचे असो, बाजारात जायचे असो, की मुंबईच्या बोटीत पाय ठेवायचा असो, मराठी माणूस निघतो तो ‘येतो’ म्हणूनच. निघण्याच्या घटकेलाच परतण्याचे वचन देऊन ठेवावे, अशी ही आपली जुनी रीत आहे.

दिवाळीच्या दिवसांत या शब्दाची विशेष आठवण होते. फराळाचे डबे भरता भरता घरातली आई मनाशी हिशेब करीत असते. धाकटा पाडव्याला येईल, मुलगी आणि जावई भाऊबीजेला येतील. आणि जो सातासमुद्रांपलीकडे आहे त्याचे काय? तोही विमानतळावर ‘येतो’ असेच म्हणून गेला होता. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी पगाराचे गणित मांडतो, कुणी मुलांच्या शाळेचे, कुणी आईवडिलांच्या म्हातारपणाचे. परदेशी गेलेली माणसे परत का येतात आणि का येत नाहीत, हा आजच्या सुखवस्तू घरांतला प्रश्न आहे असे आपल्याला वाटते. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न या देशातल्या लाखो गरीब, निरक्षर माणसांपुढे उभा राहिला होता. त्यांच्यापाशी ना पगाराचे गणित होते, ना विमानाचे तिकीट. तरी त्यांतले कित्येक परतले. त्यांची हकीगत आज दिव्यांच्या उजेडात बसून ऐकण्याजोगी आहे.

*

१८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. गुलाम सुटले, पण उसाचे मळे थांबायला तयार नव्हते. ऊस तोडायला माणूस हवा आणि तो स्वस्त हवा. मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज ३६ मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागले. त्यानंतर ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ, डचांचे सुरिनाम, आणि शेवटी १८७९ साली फिजी, असा हा मजुरांचा ओघ पृथ्वीच्या चारी दिशांना वाहू लागला. एकट्या मॉरिशसला सुमारे साडेचार लाख माणसे गेली. बहुतेक लोक बिहार, संयुक्त प्रांत आणि मद्रास इलाख्यातले होते. पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांतून आपली कोकणातली व देशावरची मराठी माणसे मॉरिशसला पोहोचली.

जाताना या मजुरांना एका करारावर अंगठा उठवावा लागे. ‘ॲग्रीमेंट’ हा शब्द त्यांच्या जिभेला वळेना. त्याचे झाले ‘गिरमिट’, आणि त्या करारावर गेलेला तो ‘गिरमिटिया’. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार. फिरत फिरत हळूहळू लाकडात शिरणारे. योगायोगाने जुळलेला हा शब्द पुढे त्यांच्या नशिबालाही नेमका लागू पडला.

फिजीचा करार पाहा. आठवड्यातून पाच दिवस नऊ-नऊ तास आणि शनिवारी पाच तास काम. पुरुषाला रोज १ शिलिंग, बाईला ९ पेन्स. मुदत पाच वर्षांची. मुदत संपली की स्वतःच्या खर्चाने परत जाण्याची मोकळीक. आणि वसाहतीत एकूण दहा वर्षे काढली तर परतीचा प्रवास सरकारी खर्चाने. हे शेवटचे कलम फार महत्त्वाचे आहे. आजीचा ‘येतो’ हा शब्दच जणू त्या कागदावर इंग्रजीत लिहिला होता. भरती करणारे दलाल ठिकाणाविषयी वाटेल ते सांगत. सुरिनामला ते ‘श्रीराम टापू’ म्हणत, जणू तीर्थयात्रेलाच चालला आहात! पण परतीचे कलम मात्र खरे होते, आणि जाणारा त्याच एका भरवशावर जहाजाची शिडी चढत होता.

हा भरवसा अगदीच फोल ठरला असेही नाही. १८३८ साली ‘व्हिटबी’ व ‘हेस्परस’ ही पहिली दोन जहाजे ब्रिटिश गियानाला गेली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच मजुरांना नेणारा मळेवाला जॉन ग्लॅडस्टन होता. पुढे इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेल्या ग्लॅडस्टनसाहेबांचा तो बाप. पाच वर्षांचे हाल सोसल्यानंतर, १८४३ मध्ये, त्या मजुरांपैकी जगलेवाचलेले बहुसंख्य लोक हक्काने परतीच्या जहाजात बसले. पुढे अनेक वर्षांचा हिशेब काढला, तर मॉरिशस, ब्रिटिश गियाना आणि सुरिनाम येथे गेलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसे हिंदुस्थानात परतलेली दिसतात. फिजीला सुमारे ६० हजार गेले, त्यांतले सुमारे २४ हजार परतले. आजच्या काळात परदेशी गेलेल्या शंभरांतले तेहतीस-चाळीस परत येतील काय, याचा वाचकांनी आपापल्या नात्यागोत्यात हिशेब करून पाहावा.

*

ही माणसे का परतली?

पहिले कारण अगदी साधे आहे. मनाने ती कायमची गेलीच नव्हती. कुणाची जमीन सावकाराकडे अडकलेली, कुणी दुष्काळाने बाहेर पडलेला, कुणी भावाशी भांडून निघालेला, कुणी विधवा सासरच्या जाचाला कंटाळलेली. पाच वर्षे राबावे, चार पैसे गाठीला बांधावेत आणि येऊन गहाण सोडवावे, एवढाच बेत. मुंबईला गिरणीत गेलेला कोकणी चाकरमानी ज्या मनाने जात असे, त्याच मनाने हेही गेले होते. फक्त खाडीऐवजी मधे समुद्र होता. बेत तडीस गेला की मुक्काम हलवायचा, यात विचार करण्यासारखे त्यांना काही वाटलेच नाही.

दुसरे कारण जाचाचे. फिजीतल्या मजुरांच्या कोंदट खोल्यांच्या रांगांना तिथे राहणारे लोक ‘नरक’ म्हणत. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर मजुरी कापायची आणि वर कोर्टात खेचायचे, असा तो कारभार. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका न्याव्यात असा सरकारी दंडक. त्यातून संसारांची जी दुर्दशा झाली, ती बोलून दाखवण्यासारखी नाही. ज्यांना हे सोसले नाही, त्यांनी करार संपताच पाय काढला.

तिसरे कारण वयाचे. उमेदीच्या काळात माणूस कुठेही रमतो. केस पिकू लागले, की आपली हाडे कुठे पडणार हा विचार मनात शिरतो. गंगेच्या काठच्या त्या माणसाला परमुलखात मरणे म्हणजे दोनदा मरण्यासारखे वाटे. लेकीबाळींची लग्ने आपल्या जातीत, आपल्या मुलखात व्हावीत ही ओढही त्यातच आली.

आणि चौथे कारण या सर्वांच्या मुळाशी होते. तिकडे कुणीतरी वाट पाहत आहे, अशी त्यांची समजूत होती.

परत येणाऱ्यांत केवळ नाडलेले होते असे नाही, कमावलेलेही होते. काहींनी शिलकीच्या नाण्यांची माळ करून बायकोच्या गळ्यात घातली होती, आणि काही जण आले तसेच रित्या हातांनी निघाले होते. दोघेही एकाच जहाजात. तेव्हा माणूस यश मिळाले म्हणून परततो, की अपयश आले म्हणून, या वादात फारसा अर्थ नाही. देशप्रेमाची भाषाही त्यांच्या तोंडी नव्हती. ते हिंदुस्थानात परतत नव्हते. ते एका गावात, एका घरात, एका चुलीपाशी परतत होते.

मळेवाल्यांच्या डोळ्यांत मात्र हे परतीचे भाडे सलत होते. कसलेला मजूर घरी धाडायचा आणि त्याच्या जागी नवशिका आणायचा, हा त्यांना दुहेरी भुर्दंड वाटे. मॉरिशसने १८५० नंतर थोड्याच वर्षांत फुकट परतीचा हक्क काढूनच टाकला. त्रिनिदादने १८६९ पासून निराळी युक्ती काढली. परतीचा हक्क सोडा आणि १० एकर सरकारी जमीन घ्या. सुरिनाममध्ये १८९५ पासून हक्क सोडणाऱ्याला १०० गिल्डर रोख मिळू लागले आणि कसायला जमीनही. ‘येतो’ हा शब्द आम्हाला विकून टाका, अशी ती सरळ मागणी होती. ज्यांनी तो विकला त्यांना दोष देण्याचे धाडस मी तरी करणार नाही. ज्याच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला, त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची म्हणावी अशी माती मिळत होती. शिवाय ज्या गावाने त्याला विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्या गावाची ओढ त्याने का बाळगावी?

*

आता या हकीगतीचा दुसरा अंक. परतलेल्यांचे पुढे काय झाले?

दहा-बारा वर्षांनी माणूस गावच्या वेशीत शिरला, की पहिल्या दिवशी गर्दी जमे. दुसऱ्या दिवशी जातीची पंचायत बसे. काळे पाणी ओलांडून आलेला, जहाजावर कुणाच्या पंक्तीला जेवला कोण जाणे! मग प्रायश्चित्त, दंड, जातभोजन. चार पैसे गाठीला होते त्यांतले निम्मे तिथेच जात. उरलेल्यांवर भाऊबंदांचा डोळा. आणि जमिनीतला वाटा मागितला की तेच भाऊबंद ‘तू आता आमचा नव्हेस’ म्हणायला मोकळे. ज्याने तिकडे परजातीच्या बाईशी संसार थाटला होता, त्याची अवस्था तर विचारूच नये. जहाजावर सगळे ‘जहाजी भाई’ झाले होते. एका ताटात जेवले होते, एकमेकांची दुखणी काढली होती. ते नाते बेटावर सख्ख्यापेक्षा पक्के ठरले. पण गावच्या पारावर त्याला कवडीची किंमत नव्हती. तिकडे जन्मलेली मुले तर आजीआजोबांची बोलीही निराळ्याच ढंगाने बोलत.

मग यांतले पुष्कळ लोक उठले आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने कलकत्त्याला परत गेले. बंदराजवळ मटियाबुर्ज नावाची वस्ती आहे. अयोध्येचा नबाब वाजिद अली शाह राज्य गेल्यावर इथेच येऊन राहिला आणि १८८७ साली इथेच वारला. लखनौ त्याला पुन्हा दिसले नाही. त्याच मटियाबुर्जमध्ये फिजी, गियाना, त्रिनिदाद, सुरिनाम येथून परतलेले शेकडो गिरमिटिये झोपड्यांतून राहू लागले. हिवतापाने आणि उपासमारीने त्यांतले कित्येक दगावले. जे उरले त्यांची एकच विनवणी होती, ‘आम्हाला पुन्हा तिकडेच पाठवा.’ गांधीजींनी त्यांच्याविषयी लिहिले, दीनबंधू अँड्र्यूज त्यांच्यासाठी धडपडले. पण गावाने नाकारलेल्या माणसाला समितीचे अन्नछत्र किती दिवस पुरणार?

त्रिनिदादमध्ये जन्मलेले लेखक व्ही. एस. नायपॉल यांनी या संदर्भात एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. १९३१ साली ‘गंगा’ नावाचे जहाज त्रिनिदादहून हिंदी लोकांना घेऊन मायदेशी आले. पुढल्या वर्षी तेच जहाज नवे परतणारे घेऊन कलकत्त्याला लागले, तेव्हा आधी परतलेल्या शेकडो लोकांनी त्याच्यावर धाव घेतली. त्यांना त्रिनिदादला परत जायचे होते. जहाजातले नुकतेच आलेले लोक उतरण्यासाठी उभे, आणि धक्क्यावरचे चढण्यासाठी धडपडणारे! जहाजाचे नाव गंगा. ज्या नदीच्या काठी मरण यावे म्हणून लोक परतत होते, त्याच नावाच्या जहाजात शिरून लोक पळू पाहत होते.

दक्षिण आफ्रिकेची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या गोऱ्या सरकारला हिंदी लोक नकोच झाले होते. १९१४ च्या कायद्याने राहण्याचा हक्क सोडणाऱ्याला फुकट तिकीट देऊ केले गेले. १९२७ च्या केपटाऊन करारानंतर दर प्रौढामागे २० पौंडांचे बक्षीसही मिळू लागले. या आमिषाने जे आले, त्यांत नाताळमध्येच जन्मलेले, हिंदुस्थान कधी न पाहिलेले पुष्कळ होते. त्यांचे परतणे म्हणायचे तरी कसे? जोहान्सबर्गला जन्मलेले भवानी दयाळ संन्यासी आणि हिंदी पत्रकार बनारसीदास चतुर्वेदी यांनी या लोकांची पाहणी करून १९३१ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले चित्र उदास आहे. तिकडच्या सवयीची, तिकडच्या बोलीची ही माणसे इथे ना गावात सामावली, ना शहरात. ढकलून धाडलेला माणूस घरी परतत नाही. तो एका परक्या मुलखातून दुसऱ्या परक्या मुलखात जातो, एवढेच.

*

सगळ्याच परतणाऱ्यांची अशी परवड झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. तोताराम सनाढ्य १८९३ साली फिजीला नेले गेले आणि २१ वर्षांनी, १९१४ साली, परतले. त्यांनी आपली हकीगत बनारसीदासांच्या मदतीने पुस्तकरूपाने मांडली, आणि त्या लहानशा पुस्तकाने गिरमिटाविरुद्ध उत्तर हिंदुस्थान जागा केला. पुढे ते साबरमतीच्या आश्रमात राहिले. त्यांना परतल्यावर करण्यासारखे काम मिळाले, आणि त्यांना आपले म्हणणारी माणसेही मिळाली. ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर आणखी एक परतलेला उतरला, मोहनदास करमचंद गांधी. त्याही पाहुण्याला विलायतेला निघतानाच जातीने वाळीत टाकले होते. पण या खेपेला सारी मुंबई स्वागताला उभी होती. त्या दिवसाच्या स्मरणार्थ २००३ पासून भारतात प्रवासी भारतीय दिवस साजरा होऊ लागला. तो साजरा करताना मटियाबुर्जच्या झोपड्याही आठवाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे. बंदर तेच, समुद्र तोच. फरक होता तो धक्क्यावर उभे राहणाऱ्यांचा.

या प्रकरणात आपल्या एका मराठी माणसाने मोठे काम केले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिट पद्धत सर्वस्वी बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पडला. परंतु ठिणगी पडली होती. १९१६ साली पंडित मालवीयांचा तसाच ठराव सरकारला मान्य करावा लागला, १९१७ मध्ये भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेसुरले करारही रद्द झाले. गोखले मात्र हे पाहायला नव्हते. १९१५ च्या फेब्रुवारीतच ते गेले.

आणि ज्या कोकणातून ते आले, त्याच कोकणातून मॉरिशसला गेलेली आपली माणसे? त्यांतली बरीच परतली नाहीत. आज त्यांचे वंशज तिथे आहेत. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. जाखडीचा नाच, ज्याला तिकडे ‘झाकडी’ म्हणतात, तो अजून तिथे रंगतो. ज्या धक्क्याच्या पायऱ्या त्यांचे पूर्वज चढले, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसा मानला जातो. मजुरांच्या नोंदीचे जुने कागदही तिथे जपून ठेवले आहेत. नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव. चौथ्या-पाचव्या पिढीची माणसे ते कागद हाती घेऊन आपल्याकडे गाव शोधायला येतात. कधी गाव सापडते, कधी नाव बदललेले निघते. त्यांना इथे राहायचे नसते. पणजोबा ‘येतो’ म्हणून निघाले होते, तो शब्द तेवढा पुरा करायचा असतो.

गिरमिटियांना परत आणणारे शेवटचे जहाज ब्रिटिश गियानाहून १९५५ साली निघाले. त्याचे नाव ‘रिसर्जंट’. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे झाली होती. दोनशेहून अधिक माणसे त्यात होती, त्यांतली बरीचशी उतारवयाची. इतक्या वर्षांनी घरी ओळखीचे कोण उरले असेल, हे त्यांनाही ठाऊक नसणार. तरी ती निघाली.

*

या साऱ्या हकीगतीवरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. माणसाने परत यायचे की नाही, हा त्याच्या एकट्याचा निर्णय नसतो. निम्मा निर्णय घराचा असतो. पैसा, जाच, म्हातारपण ही कारणे माणसाला जहाजापर्यंत आणतात. पण परतणे पुरे होते ते उंबरठ्याच्या आत. त्या गिरमिटियांना समुद्र आडवा आला नाही. आडवी आली ती पंचायत, भावाचा उतारा, आणि ‘तू आता आमचा नव्हेस’ हे वाक्य.

आज पंचायती बसत नाहीत. पण परदेशाहून परतलेल्या मुलाला ‘तिकडे जमले नाही वाटते?’ असे विचारणारे शेजारी आहेत. त्याच्या मुलांच्या उच्चारांना हसणारे मामा-काका आहेत. ‘तुझी खोली आता भाड्याने दिली’ असे सांगणारे भाऊही आहेत. न येणाऱ्याला आपण कृतघ्न म्हणतो आणि येणाऱ्याला अपयशी! मग त्याने करावे तरी काय?

तेव्हा यंदा दिवाळीत दूरदेशीच्या मुलाशी बोलताना ‘कधी येणार?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. आलास तर कशासाठी आलास असे कुणी विचारणार नाही, आणि नाही आलास तर तुझी जागा कुणी घेणार नाही, एवढे त्याला सांगावे. मटियाबुर्जच्या त्या माणसांना हे सांगणारे कुणी भेटले नाही. नाहीतर त्यांनी पुन्हा जहाज शोधले नसते.